हिंदुरावानं भरवशाची कंपनी शोधली

गोष्टीतला भोळा माणूस नेहमी कुठल्या तरी एका गावात असतो. आमचा हिंदुराव आमच्याच गावात होता, आणि तोही आमच्याच गल्लीत. माझ्या नात्यातला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अंगानं धिप्पाड, मिशी भरदार. लांबून बघितलं तर वाटावं, हा आता चार गावांचा न्यायनिवाडा करणार. जवळून बघितलं की तसं वाटत नसे.

हिंदुराव दूध संस्थेत कॅन धुवायचा. सांगितलेलं काम सांगितलं तसं करायचा. तसं म्हणजे अगदी तसंच. एकदा चेअरमन म्हणाले, "हिंदुराव, मी येईपर्यंत दार सोडू नका." आणि चेअरमन आले थेट दुसऱ्या दिवशी. हिंदुराव दाराची कडी धरून उभा होता. मांजर खिडकीतून आत आलं होतं आणि दूध पिऊन खिडकीतूनच गेलं होतं.

"मांजर दिसलं नाही का तुम्हाला?" चेअरमननी विचारलं.

"दिसलं की," हिंदुराव म्हणाला. "पण दार सोडलं नाही."

असा माणूस. त्याची बायको मालन. त्या घरासाठी देवानं जेवढी अक्कल काढून ठेवली होती, ती सगळी हिच्या पदरात पडली होती. ती घरी बसून कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करायची. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, कोपऱ्यात मोर, आणि खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बारकी पोरं. मालनच्या पत्रिकेशिवाय लग्न झालं तर आमच्याकडं लोक ते लग्न धरत नसत. घर त्याच पत्रिकांवर चालायचं. कॅन धुवून कुणाचं घर चालत नाही.

पण कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. मध्येच गप्प व्हायचा. पाठीत थाप घातली की पुन्हा बोलायला लागायचा. त्या वर्षी तुळशीचं लग्न जवळ आलं, पोलीस पाटलांच्या सगुणाचं ठरलं, आणि पत्रिकेचं काम मालनकडं आलं. पाटलांची पत्रिका साऱ्या पंचक्रोशीत जाणार. चांगली झाली तर हंगामभराचं काम आपल्या पायानं चालत घरी येणार होतं. फसली तर सगळं काम तालुक्याच्या प्रेसला जाणार होतं.

मालन कामाला बसली आणि कॉम्प्युटरनं धूर सोडला. थोडासाच सोडला, पण सोडला. आता बंद केला तर परत चालू होईल याची खात्री नव्हती. म्हणून ती त्याला बंद करेना आणि त्याच्यापुढून उठेना. लाइट जाऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसली होती. नवा कॉम्प्युटर आणायला मग उरलं कोण? हिंदुराव.

"तालुक्याला जावा," मालन म्हणाली. "चार माणसांना विचारा, कुठली कंपनी चांगली. जास्त माणसं जिचं नाव घेतील, तिचं घेऊन या."

"चारच माणसं?"

"चार-पाच."

"चार का पाच?"

"चार," मालन म्हणाली.

हिंदुराव एसटी स्टँडवर उतरला. समोर पोत्यावर एक शेतकरी बसला होता. हिंदुरावानं त्याला विचारलं, "कुठली कंपनी चांगली?" त्यानं एका बियाण्याच्या कंपनीचं नाव सांगितलं. त्याच्या शेजारच्या पोत्यावर त्याचा मेहुणा होता. तो म्हणाला, मीही तीच पेरतो. तिसरा एक कॉलेजचा पोरगा होता. तो म्हणाला, "कंपनीत कशाला जाताय काका, सरकारी भरती बघा." चौथी बांगड्या विकणारी बाई. ती म्हणाली, "कंपनीचं नाव काढू नका माझ्यापुढं. आमच्या मालकांनी एकीत पैसे घातले आणि बुडवून बसले."

पाचवा माणूस कॉम्प्युटरच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं आपण होऊन विचारलं, "काय पाहिजे, काका?"

"काही नको," हिंदुराव म्हणाला. "माझी चार माणसं झाली."

संध्याकाळी तो जोंधळ्याच्या बियाण्याचं पोतं खांद्यावर घेऊन घरी आला.

"हे काय आणलंसा?" मालननं विचारलं.

"कंपनी चांगली आहे. दोघांचं एकमत झालं."

"आपल्याला रान आहे का?"

हिंदुरावानं विचार केला. "नाही."

"मग हे पेरायचं कुठं?"

"ते विचारायला तू सांगितलं नव्हतंस."

मालननं डोळे मिटून घेतले. ती चिडायची नाही. चिडून उपयोग होत नाही हे तिला लग्नाच्या वरातीतच कळलं होतं. ती म्हणाली, "अवो, वाटेवरच्या माणसाला नसतं विचारायचं. ज्याच्या घरात वस्तू आहे त्याच्या घरी जायचं. ती कशी चालते ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. कुणाच्या बोलण्यावर जायचं नाही."

आमच्या गावात गुरव गुरुजींकडं कॉम्प्युटर होता. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन. सकाळी उठून हिंदुराव त्यांच्याकडं गेला आणि कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसला. गुरुजी म्हणाले, "काय काम काढलंत?" हिंदुराव काही बोलला नाही. बोलण्यावर जायचं नाही, असं ठरलं होतं.

गुरुजींच्या बायकोनं चहा दिला. दुपार झाली तशी ताट वाढलं. ताट संपवून हिंदुराव परत जागेवर बसला. गुरुजी बिचारे त्या दिवशी दुपारचे झोपलेच नाहीत. पाहुणा असा टक लावून बसलेला असताना झोप कशी लागणार? दिवेलागणीला हिंदुराव उठला आणि घरी आला.

"एकदम भरवशाचा आहे," तो म्हणाला. "सकाळपासून बघतोय. घरघर नाही, धूर नाही. एकदा सुद्धा थाप घालायला लागली नाही."

मालनचा चेहरा उजळला. "कुठल्या कंपनीचा आहे?"

"ते दिसलं नाही. वर कापड झाकलं होतं."

"कापड झाकून चालवत होते?"

"चालवत कुठं होते? बंद होता."

मालन म्हणाली, "बंद असलेला कशाला घरघरेल?"

"तेच म्हणतो मी," हिंदुराव म्हणाला. "चांगला आहे."

यावर काय बोलायचं, सांगा. मालन घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, "हे बघा, वस्तू वरनं बघून काही कळत नसतं. ती आतनं कशी आहे याची परीक्षा घेतल्याशिवाय घ्यायची नाही. ध्यानात ठेवा. आणि आता कोपऱ्यावरच्या दुकानातनं एक नारळ घेऊन या. नवा कॉम्प्युटर आला की पूजेला लागेल."

हिंदुराव दुकानात गेला. नारळ हातात घेतला. आतनं कसा आहे? फोडला. चांगला निघाला. पण फोडलेला नारळ पूजेला कसा चालणार, म्हणून दुसरा घेतला. हा आतनं कसा आहे? फोडला. तोही चांगला निघाला. दुकानदार आत साखर मोजत होता. तो बाहेर येईपर्यंत टोपली रिकामी झाली होती.

हिंदुराव पिशवीभर वाट्या घेऊन घरी आला. "सगळे चांगले निघाले," तो म्हणाला. "एकही नासका नाही."

त्या आठवड्यात गल्लीत घरोघरी खोबऱ्याची चटणी होती. मीही खाल्ली. चांगली झाली होती.

मालननं मात्र खाल्ली नाही. ती म्हणाली, "फोडून बघत नसतात हो. कानाशी धरायचं आणि हलवायचं. आत पाणी वाजलं की चांगलं. नाही वाजलं तर ठेवून द्यायचं आणि दुसरं बघायचं. एवढं साधं आहे."

"मग एवढं साधं आधीच सांगायचंस," हिंदुराव म्हणाला. त्याला खरंच राग आला होता.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला चौगुल्यांच्या दुकानात गेला. मोठं दुकान. कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले. चौगुले गिऱ्हाइकाशी बोलत होते. हिंदुरावानं पहिला कॉम्प्युटर उचलला, कानाशी धरला आणि हलवला. खाली ठेवला. दुसरा उचलला. तो वायरीनं भिंतीला बांधलेला होता, तेव्हा भिंतीवरची पाटीही हलली. मग कॉम्प्युटरचा पडदा उचलला. मग प्रिंटर. प्रिंटरमधून काहीतरी वाजलं, तेव्हा त्यानं मान डोलावली आणि पुन्हा नीट हलवून ऐकलं. पण ते पाणी नव्हतं.

चौगुले धावत आले. "अहो दादा, काय करताय?"

"पाणी बघतोय."

"कसलं पाणी?"

"आतलं."

चौगुल्यांनी गिऱ्हाइकाकडं बघितलं. गिऱ्हाइकानं हातातला कॉम्प्युटर खाली ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका," हिंदुराव मायेनं म्हणाला. "पण तुमच्या दुकानातले सगळे कोरडे आहेत."

चौगुल्यांनी त्याला दंडाला धरून पायरीपर्यंत पोचवलं. गिऱ्हाईक त्याच्या मागोमाग स्वतःहून बाहेर पडलं.

हिंदुराव घरी येऊन सगळं जसं घडलं तसं सांगायचा. लपवाछपवी त्याला जमायची नाही. मालननं ऐकून घेतलं. तोपर्यंत म्हाताऱ्या कॉम्प्युटरनं आणखी एकदा धूर सोडला होता आणि सगुणाच्या पत्रिकेतले केळीचे खांब अजून निम्मेच उभे राहिले होते.

"दुकानात वस्तूला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "लांब उभं राहायचं. हात पाठीमागं बांधायचे. आणि देणाऱ्याला तोंडावर विचारायचं, खात्री किती वर्षांची? बिघडला तर दुरुस्त करून देणार का बदलून देणार? विचारायला लाजायचं नाही. लाजणारा माणूस फसतो."

हिंदुरावानं ते घोकून ठेवलं. आणि त्याच संध्याकाळी पोलीस पाटील पत्रिका कुठवर आली ते बघायला आले. बरोबर एक गृहस्थ होते, फेटा बांधलेले.

"हे आमचे व्याही," पाटील म्हणाले. "यांचा थोरला मुलगा आपण सगुणाला घेतला."

मालन चहा टाकायला आत गेली. तीच तिची चूक झाली.

हिंदुराव भिंतीला पाठ लावून लांब उभा राहिला. हात पाठीमागं बांधले. "खात्री किती वर्षांची देताय?" त्यानं विचारलं.

"कशाची?" व्याही म्हणाले.

"मुलाची."

व्याह्यांनी पाटलांकडं बघितलं. पाटलांनी छताकडं बघितलं.

"बिघडला तर दुरुस्त करून देणार का बदलून देणार?" हिंदुरावानं विचारलं. तो लाजला नाही.

व्याह्यांनी फेटा सावरला. "बदलून काय," ते म्हणाले.

"म्हणजे घरात दुसरा आहे का?"

"धाकटा आहे," व्याही बोलून गेले.

"बरं झालं," हिंदुराव म्हणाला. "पण त्याला आतनं बघितलं पाहिजे."

मालन चहा घेऊन बाहेर आली तेव्हा व्याही चपला घालत होते. पत्रिका आमच्याकडंच छापतो, असं त्यांनी पाटलांना सांगितलं. पाटील त्यांच्या मागं धावले, कोपऱ्यावर त्यांची समजूत घातली आणि परत येऊन मालनला म्हणाले, "बाई, तुझ्या हाताला गुण आहे म्हणून थांबतोय. गुरुवारच्या बाजाराच्या दिवशी सकाळी पत्रिका माझ्या हातात पाहिजे. नाहीतर व्याही म्हणतील तसं. आणि मग गावातली बाकीची लग्नंही तिकडंच जातील, ते माझ्या हातात नाही."

त्या संध्याकाळी मालन रडली. माझी आणि त्यांची भिंत एक आहे, मला ऐकू आलं. आम्हाला सगळ्यांनाच वाईट वाटलं. हिंदुरावालाही वाटलं. माणूस वाईट नव्हताच तो. बायकोच्या डोळ्यांत पाणी बघून त्यानं ताट बाजूला सारलं. "तू सांगशील तसं करतो," तो म्हणाला. आणि खरी पंचाईत तीच होती.

"मी काही सांगत नाही आता," मालन डोळे पुसत म्हणाली. "गुरुजींना घेऊन जावा. ते सांगतील ते ऐका. आपलं डोकं चालवू नका."

"मी कधी चालवलंय?" हिंदुराव म्हणाला. ते मात्र खोटं नव्हतं.

बुधवारी गुरुजी स्वतः त्याच्याबरोबर तालुक्याला गेले. असा सज्जन माणूस शोधून सापडणार नाही. एसटीत हिंदुरावानं त्यांना विचारलं, "गुरुजी, भरवशाची कंपनी ओळखायची कशी?"

गुरुजींना शिकवायची हौस होती. ते म्हणाले, "हिंदुराव, नवी असताना प्रत्येक वस्तू चांगलीच असते. घेताना काही कळत नाही. बिघडल्यावर कळतं. आपण फोन केल्यावर ज्या कंपनीचा माणूस धावत येतो, ती भरवशाची. ज्या कंपनीचा फोनसुद्धा कुणी उचलत नाही, ती सोडून द्यायची. हीच खरी परीक्षा."

"हीच खरी परीक्षा," हिंदुराव म्हणाला. वाटभर तो तेच म्हणत होता.

चौगुल्यांनी हिंदुरावाला लांबून बघितलं आणि शटर ओढायला सुरुवात केली. गुरुजींनी हात जोडून थांबवलं. मग सगळं रीतसर झालं. गुरुजींनी एका कंपनीचा कॉम्प्युटर पसंत केला. तिच्या दुरुस्तीचा माणूस चौगुल्यांच्या शेजारच्याच गाळ्यात बसायचा. चौगुल्यांनी त्याचा फोन नंबर खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. हिंदुरावानं कशाला हात लावला नाही, काही हलवलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. खोकं मांडीवर घेऊन तो एसटीत बसला, आणि दुपारी खोकं जसंच्या तसं घरी पोचलं.

मालनला आधी खरं वाटेना. तिनं बाहेरच्या खोलीत खोकं उघडलं, वायरी जोडल्या, बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला आणि घरघरला नाही. तिनं हळदीकुंकू वाहिलं. हिंदुरावाच्या पाया पडावं असं तिला पहिल्यांदाच वाटलं, असं तिनं नंतर आमच्या घरी सांगितलं.

सगुणाची पत्रिका जुन्या कॉम्प्युटरमध्ये जवळजवळ पुरी झाली होती. केळीचे खांब उभे होते, मोर बसला होता, नुसती पोरं बसवायची राहिली होती. आतापर्यंत केलेल्या सगळ्या पत्रिकाही त्यातच होत्या. ते सगळं नव्यात घ्यायला पेन ड्राइव्ह पाहिजे होता, आणि तो गुरुजींकडं होता. हिंदुरावाला आणायला पाठवावा, असं तिच्या मनात आलं. पण त्यानं वाटेत त्याचं काय केलं असतं कुणास ठाऊक. ती स्वतः उठली.

"दोन्ही कॉम्प्युटरला हात लावू नका," ती म्हणाली. "मी आलेच."

"नाही लावत," हिंदुराव म्हणाला.

गुरुजींच्या बायकोनं तिला बसवून घेतलं, पोहे दिले. किती तरी दिवसांनी मालन निवांत बसली होती. दोन घास जास्तच खाल्ले. पेन ड्राइव्ह पदरात बांधून ती घरी आली, तर दारात फटफटी उभी. ओट्यावर कंपनीचा शर्ट घातलेला एक माणूस कपाळाला हात लावून बसला होता. हिंदुराव त्याच्यापुढं चहाचा कप धरून उभा होता.

"ये, मालन, ये," हिंदुराव म्हणाला. "भरवशाची आहे."

"कोण?"

"कंपनी. फोन केला आणि हे धावत आले. आपल्याच गावात दुसऱ्या कामाला आले होते. चहाला उकळीसुद्धा फुटली नव्हती."

"फोन कशाला केलासा?"

"बिघडला म्हणून."

"कसा बिघडला? नवा होता."

"नवा होता म्हणूनच आपण होऊन बिघडेना," हिंदुराव म्हणाला. "पण बिघडल्याशिवाय भरवसा कळत नाही, गुरुजी म्हणाले. मग बिघडवला."

मालनचा आवाज बारीक झाला. "हात लावू नका म्हटलं होतं मी."

"हात कुठं लावला? वरवंटा लावला."

कंपनीच्या माणसानं मान वर केली. "वैनी," तो म्हणाला, "खात्रीत आम्ही पुष्कळ काही बसवून घेतो. वरवंटा बसत नाही."

मालन मटकन खाली बसली. मग ती पदर खोचून उठली. हिंमतीची बाई. "असू दे," ती म्हणाली. "जुना आहे अजून. पत्रिका त्यातच आहे. सकाळपर्यंत पुरी करते आणि पाटलांच्या हातात देते." आणि ती आतल्या खोलीत गेली.

आत घरघर नव्हती. जुना कॉम्प्युटर मधोमध खचला होता आणि खड्डा बरोबर वरवंट्याएवढा होता.

ती दाराला धरून उभी राहिली. "हा कशाला हो?" तिनं विचारलं. "हा कशाला फोडलासा?"

"एकाच कंपनीची परीक्षा घेऊन कसं कळेल, मालन?" हिंदुराव तिला समजावून सांगू लागला. "आधी याच्यावर घातला. पाठीमागं नंबर होता, त्यावर फोन केला. मग नव्यावर घातला, यांना फोन केला. हे आले, यांचा चहासुद्धा झाला. पण जुन्याचा फोन अजून कुणी उचलत नाही." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे आपण तो बदलला ते बरोबरच केलं."